आधी ऐकू, मग वचन काढू

सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, रामाकोना, लोधीखेडा, बोरगाव या पट्ट्यात राहणारी आम्ही मराठी बोलणारी ख्रिस्ती माणसं. कुणाचा संत्र्याचा बगीचा आहे, कुणी कारखान्यात पाळीवर जातं, कुणी शाळेत शिकवतं, काही जणी नर्स आहेत, थोडे पास्टर आहेत. आजपासून आम्ही एक काम हाती घेत आहोत. दुःखात, व्यसनात, घरच्या भांडणात, अपराधाच्या ओझ्याखाली किंवा मनाच्या आजारात सापडलेल्या माणसाजवळ बसायचं, त्याचं ऐकायचं आणि पवित्र शास्त्राच्या उजेडात त्याच्याबरोबर पुढची वाट शोधायची. पुस्तकात याला बायबलवर आधारित समुपदेशन म्हणतात. हे काम एकट्या पास्टरांच्या गळ्यात घालून चालणार नाही, ते अख्ख्या मंडळीनं करायचं आहे, म्हणून हा जाहीरनामा.

काम जुनंच आहे. आमची अट तेवढी नवी: आधी ऐकू, मग वचन काढू. ती घालावी लागते, कारण आमच्या मंडळ्यांमध्ये हा क्रम उलटा झाला आहे.

कुणाची झोप उडालेली असते, कुणी जेवण टाकलेलं असतं, कुणी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेलं असतं. घरचे पास्टरजींना बोलावतात. चहा होतो, पाच मिनिटांत बायबल उघडलं जातं, चिंता करू नका असं सांगणारं एखादं वचन वाचलं जातं, डोक्यावर हात, मोठ्यानं प्रार्थना, आमेन. माणूस होता तिथंच असतो. पुढच्या आठवड्यात तेच वचन, आवाज जरा चढलेला. तिसऱ्या आठवड्यात घरात कुजबुज सुरू होते की याचाच विश्वास कमी पडतोय. बिचारा आधी नुसता आजारी होता, आता आजारीही आणि दोषीही. हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि आमच्यातल्या काहींच्या वाट्यालाही आलं आहे.

माइकवरचा प्रकार तर याहून वाईट. खिन्न झालेल्या पोरीला सभेत पुढं आणायचं, तिच्यात काय शिरलंय ते तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं, ती पडली की टाळ्या. पुढं तीच पोरगी लग्नाची होते तेव्हा गावाला तिची तेवढीच एक ओळख राहिलेली असते. कुणी 'गोळ्या बंद केल्या आणि प्रभूनं बरं केलं' अशी साक्ष देतो, ती ऐकून दुसरा कुणीतरी आपल्या गोळ्या बंद करतो, आणि महिन्याभरात त्याचं काय झालं याची साक्ष द्यायला तो सभेत येत नाही.

सौंसरजवळ जामसावळीचं हनुमान मंदिर आहे. मनानं आजारी झालेल्या माणसांना घेऊन लांबलांबची कुटुंबं तिथं येतात. आमच्यातले काही जण तिकडे बोट दाखवून हसतात. त्यांनी आपल्याच सभेचा व्हिडिओ एकदा आवाज बंद करून बघावा. त्या आवारात बसलेल्या आईची आणि आमच्या सभेत रांगेत उभ्या असलेल्या आईची घालमेल एकच आहे. आमच्याकडे येणाऱ्याला आधी कुठं कुठं नेलं होतं हे आम्ही विचारू, कारण त्यावरून दुखणं किती जुनं आहे आणि घर किती थकलंय ते कळतं. टोमणा मात्र कुणी मारणार नाही.

ऐकण्याचा आग्रह आम्ही कुठल्या मानसशास्त्राच्या पुस्तकातून उसना आणलेला नाही. लूकच्या 24व्या अध्यायात पुनरुत्थित येशू अम्माऊसच्या वाटेवर दोन खचलेल्या शिष्यांना गाठतो. जे घडलं ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही, तरी तो विचारतो की तुमचं काय बोलणं चाललंय. ते थांबतात, उदास होतात, सगळी हकिगत पहिल्यापासून सांगतात, आपली आशा कशी मोडली तेही सांगतात. तो मध्ये तोडत नाही. त्यांचं सांगून झाल्यावर तो त्यांना चांगला रागावतो आणि मग मोशेपासून शास्त्र उलगडत नेतो. रागावणंही आहे, शिकवणंही आहे, पण दोन्ही त्यांचं पूर्ण ऐकल्यानंतर.

एलीयाची गोष्ट पहिल्या राजांच्या 19व्या अध्यायात आहे. एवढा मोठा संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला प्रवचन देत नाही, भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो. पुढं होरेब डोंगरावर देव त्याला एकच प्रश्न दोनदा विचारतो, एलीया जशीच्या तशी तक्रार दोनदा करतो, आणि देव ती दोन्ही वेळा ऐकून घेतो. मग त्याला काम मिळतं आणि अलीशासारखा सोबतीही मिळतो. अन्न, झोप, ऐकणं, काम, सोबत: आमची सगळी पद्धत या एका अध्यायात बसते. ईयोबाचे मित्रही सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तिथवर त्यांचं समुपदेशन उत्तम चाललं होतं.

आता बायबलवर आधारित समुपदेशन या नावाच्या चळवळीबद्दल, कारण ती आमच्या आधीची आहे आणि तिचं ऋण मान्य केलंच पाहिजे. अमेरिकेतल्या जे अ‍ॅडम्स नावाच्या प्रेस्बिटेरियन पाळकानं 1970 साली 'कॉम्पिटंट टू काउन्सेल' हे पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की पाळकांनी आपल्या लोकांची दुःखं परस्पर तज्ज्ञांच्या हवाली करून टाकली आहेत; शास्त्र जाणणारा, प्रेम करणारा साधा विश्वासी माणूसही दुसऱ्याला सल्ला द्यायला लायक असतो. 1976 मध्ये या विचारानं चालणाऱ्या समुपदेशकांची संघटनाही तिकडे उभी राहिली. साध्या माणसावरचा त्याचा हा भरवसा आम्ही उचलतो. सौंसरात मानसतज्ज्ञ कोपऱ्याकोपऱ्यावर बसलेले नाहीत, त्यामुळे आम्हाला तर त्याची गरज जास्तच आहे. पण शरीराचा आजार बाजूला काढला की उरलेल्या बहुतेक दुखण्यांच्या मुळाशी अ‍ॅडम्सला पाप दिसत असे, आणि तिथं आम्ही त्याच्याबरोबर नाही. त्याच्या मागून आलेल्या डेव्हिड पावलिसन, एडवर्ड वेल्च यांनीही दुःख सोसणाऱ्या माणसाकडे अधिक लक्ष दिलं.

आमचा आधार थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला आहे, अध्याय 5, ओवी 14. तिथं पौल तीन प्रकारची माणसं सांगतो आणि प्रत्येकाला वेगळा उपाय. बेशिस्त वागणाऱ्याला ताकीद, खचलेल्याला धीर, अशक्ताला आधार. आणि सगळ्यांशी सहनशीलता. अ‍ॅडम्सची इमारत मुख्यतः पहिल्या उपायावर उभी आहे. आम्हाला अख्खी ओवी हवी. खचलेल्याला ताकीद दिली तर तो मोडतो, आणि बेशिस्ताला नुसता धीर दिला तर त्याची बायको मार खात राहते. समोर बसलेलं माणूस या तिघांतलं कोण, हे ओळखणं हेच आमचं पहिलं काम, आणि ते पाच मिनिटांत होत नाही. बरेचदा एकाच माणसात तिघेही बसलेले असतात.

पद्धत कशी, ते उदाहरणानंच सांगू. समजा, पन्नाशीला आलेली एक बाई येते. नवरा बगीचा पाहतो, आंबिया बहाराला यंदा फळगळ लागली, व्यापाऱ्यानं ठरलेला भाव पाडला, सोसायटीचं कर्ज आहे, मुलगा नागपूरला शिकतो. ती यातलं काहीच सांगत नाही. म्हणते, "काही नाही जी, डोकं दुखते."

आमची समुपदेशक ताई विचारेल, "काकू, रात्री झोप लागते का?"

"लागते, पण तीन वाजता जाग येते. मंग लागतच नाही."

"जेवण?"

"करते ना सगळ्यायचं." स्वतःच्या जेवणाबद्दल ती बोललेली नाही, हे ताईनं टिपायचं.

पहिल्या बैठकीत वचन नाही. त्या बाईनंच मागितलं तर गोष्ट वेगळी. तासभर बसायचं, फोन बंद, दाराशी सासू किंवा जाऊ कान देऊन उभी नाही याची खात्री. वही समोर उघडायची नाही. ती गेल्यावर चार ओळी लिहायच्या. झोप, भूक, आधीचे आजार, चालू गोळ्या, घरात कोणकोण, पैशाचं काय, देवाशी बोलणं होतं की बंद पडलंय, हे सगळं गप्पांच्या ओघात विचारायचं. आणि एक प्रश्न ओघात न विचारता सरळ विचारायचा: "काकू, मरून जावं असं मनात येते का?" असं विचारल्यानं विचार मनात भरतो ही भीती खोटी आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळं होतं. उत्तर 'हो' असेल तर त्याच दिवशी पुढचा प्रश्न: फवारणीचं औषध घरात कुठं ठेवलंय? आमच्या भागात मरण खाटेखाली, बाजेच्या पायाशी बाटलीत ठेवलेलं असतं. ती बाटली त्या संध्याकाळी घरातून हलली पाहिजे, शेजाऱ्याकडे, भावाकडे, कुलपात, कुठंही. बाटली हलवणं ही आमच्या लेखी प्रार्थनेइतकीच पवित्र गोष्ट आहे, आणि त्या दिवशी तरी प्रार्थनेच्या आधीची.

दुसऱ्या बैठकीपासून तिच्याकडे एक साधी वही. त्यात रोज थोडं: आज काय झालं, तेव्हा मनात काय आलं, मी काय केलं, देवाला काय म्हणावंसं वाटलं. लिहिता येत नसेल तर सांगायचं, ताई लिहील. दोन-तीन आठवड्यांत वहीत वाट दिसू लागते. अमुक माणसाचा फोन आला की तीन दिवस खराब जातात, तमुक गोष्ट ती कुणालाच सांगत नाही. मन कशाला घट्ट धरून बसलंय, कशाला भितंय, कुणाकडून काय मागतंय, हे शोधायला ही वही. बायबल ज्याला अंतःकरण म्हणतं तिथवर पोचायचा हा रस्ता लांबचा आहे, पण आम्हाला तरी जवळचा सापडलेला नाही.

शास्त्र येतं ते इथं. आणि येतं तेव्हा तुकड्यानं येत नाही. ओवी तोडून गोळीसारखी हातावर ठेवायची नाही. अख्खा अध्याय, अख्खं स्तोत्र तिनंच मोठ्यानं वाचायचं, किंवा तिला वाचून दाखवायचं, आणि विचारायचं की यातलं तुमचं काय आहे. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांत विलापाची स्तोत्रं इतकी आहेत की देवानं रडण्याला बंदी केली असती तर पुस्तकाचा मोठा भाग कोरा राहिला असता. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. आमच्या उपासनेत ते कधी वाचलं जात नाही. समुपदेशनात आम्ही ते वाचू आणि तिथंच थांबू, लगेच दिलाशाच्या 23व्याकडे धाव घेणार नाही.

मग करायची कामं. छोटी, त्या आठवड्यात जमतील अशी. सकाळी वावरापर्यंत चालून यायचं. मुलाला खरी परिस्थिती सांगायची. सोसायटीत जायचं असेल तर मंडळीतला हिशेब समजणारा एक भाऊ सोबत जाईल आणि कागद वाचेल. नवऱ्याला बोलतं करायचं असेल तर ते काम पुरुष समुपदेशकाचं, आणि तेही तिच्या संमतीनं. आठ-दहा बैठकांनी थांबून बघायचं की फरक पडतोय का. पडत नसेल तर दोष तिचा नाही. आमची ओळखच चुकली असेल, किंवा हे काम आमच्या हातचं नसेल.

नवरा पिऊन मारतो अशी घरं वेगळी. तिथं नाथान संदेष्टा हवा. दुसऱ्या शमुवेलाच्या 12व्या अध्यायात तो अपराध केलेल्या राजाकडे जातो, गरिबाच्या एका मेंढीची गोष्ट सांगतो, राजाचा राग राजावरच वळवतो, आणि मग तोंडावर सांगतो. आम्हीही मारणाऱ्याच्या घरी जाऊ, एकटे नाही, दोघं. पण त्याच्या आधी बायको आणि लेकरं सुरक्षित कुठं राहतील ते ठरलेलं असेल. 'क्षमा कर आणि परत जा' हे वाक्य आमच्यातला कुणीही कुठल्याही बाईला म्हणणार नाही. क्षमा तिनं कधी आणि कशी करायची हे तिचं आणि देवाचं, आणि मार थांबवायला 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, महिला हेल्पलाइनचा 181 नंबर आहे. लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कानावर आलं तर गुप्तता संपते. 2012 च्या पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, मग करणारा मंडळीचा पंच असो की पास्टर. हे आम्ही पहिल्या बैठकीच्या सुरुवातीलाच सांगू: तुमचं सगळं आमच्यापाशी राहील, या दोन गोष्टी सोडून, तुमचा जीव आणि लेकराची अब्रू.

डॉक्टरांबद्दल आमच्यात वाद झाला आणि तो इथं लपवत नाही. काहींचं म्हणणं, देवावर भरवसा आहे तर गोळी कशाला. त्यांना उत्तर यशयाच्या 38व्या अध्यायानं दिलं. हिज्कीया राजा मरणाला टेकला, त्यानं रडून प्रार्थना केली, देवानं आयुष्य वाढवण्याचं वचन दिलं, आणि तरी संदेष्ट्यानं गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितला. वचनही आणि लेपही. म्हणून कुणाची गोळी कमी करणं, बंद करणं, बदलणं हा अधिकार आमच्यातल्या कुणालाही नाही. आवाज ऐकू येणं, भलताच संशय, रात्रंदिवस झोप नाही आणि तरी अंगात उसनं बळ, बाळंतपणानंतर बाई ओळखू न येण्याइतकी बदलणं, फिट येणं, दारू एकदम सोडल्यावर हातपाय कापणं: यांपैकी काही दिसलं तर बैठक तिथंच थांबवायची आणि दवाखाना. छिंदवाडा आहे, 1864 पासूनचं नागपूरचं मनोरुग्णालय आहे, आणि रात्री-अपरात्री 14416 वर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा फोन आहे, तिथं भाषा निवडता येते. सोबत आम्ही जाऊ, रांगेत बसू. पोलीस केस होईल या भीतीनं विष घेतल्याचं लपवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला गुन्हेगार न धरता ताणाखाली असलेला धरलं आहे. त्याच कायद्यानं साखळीनं बांधण्यालाही बंदी आहे. 2001 साली तमिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळ्यांत अडकलेली 28 माणसं पळू न शकल्यामुळे मेली. आमच्या कुठल्याही प्रार्थनाघरात कुणाला बांधून ठेवलेलं दिसलं तर आम्ही स्वतः तक्रार करू.

विश्वास आणि औषध यांचं भांडण आमच्या मुलखाला खरं तर परकं आहे. एकोणिसाव्या शतकात छिंदवाड्याकडे आलेल्या स्वीडिश लूथरन मिशनऱ्यांच्या कामातूनच पुढं बैतूल जिल्ह्यात पाढरचं रुग्णालय उभं राहिलं, 1958 पासून ते चालू आहे, आणि तिथं प्रार्थना करून शस्त्रक्रिया करतात. शस्त्रक्रियेऐवजी प्रार्थना करत नाहीत.

भाषेचाही मुद्दा आहे. 1956 पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. मग सीमा आखल्या गेल्या आणि आम्ही अलीकडे, मध्य प्रदेशात राहिलो. आता 2023 पासून जिल्हा पांढुर्णा. शाळा हिंदी, कागद हिंदी, बरीचशी उपासनाही हिंदी, आणि समुपदेशनाची पुस्तकं इंग्रजी. पण सासूनं काय म्हटलं ते आमची बाई हिंदीत सांगू शकत नाही. म्हणून बैठक मराठीत, आणि ती पुण्याची नव्हे, इथली. ज्याची घरची बोली गोंडी असेल त्याच्यासाठी ती जाणणारा सोबती शोधू.

मराठी ख्रिस्ती माणसाला ही वाट अनोळखी नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं घर दुभंगलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, पुढं एकत्र आल्या तरी त्यांनी लगेच धर्म बदलला नाही. आपल्या गतीनं, आपल्या डोक्यानं विचार करत त्या पोचल्या. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना आम्हाला दर वेळी वाटतं की त्या काळात त्यांच्याजवळ कुणी नुसतं बसायला हवं होतं. टिळकांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' हा येशूभक्तांचा समूह उभारला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आणि पंडिता रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात आपल्याच मध्यप्रांतात आल्या, उपाशी मुलींना आणि विधवांना घेऊन केडगावला गेल्या. तिथं त्यांना आधी जेवण मिळालं, मग अक्षर आणि हातात हुन्नर.

दुसऱ्या धर्माचं माणूस आलं तर? येऊ द्या. त्याच्याजवळ तसंच बसू. प्रार्थना हवी का हे विचारू, नको म्हटलं तर करणार नाही, उपासनेचं आमंत्रण देणार नाही. राज्यात 2021 चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे, तो लालूच, दडपण आणि फसवणुकीनं होणाऱ्या धर्मांतराला गुन्हा ठरवतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण कायदा नसता तरी आमचा नियम हाच राहिला असता. रडणाऱ्या माणसाचा होकार खरा धरता येत नाही.

उरलेले नियम थोडक्यात. पैसे घेणार नाही; धान्य, संत्र्याची पेटी, काहीही नाही. बाईजवळ बाई, पुरुषाजवळ पुरुष. ऐकलेलं प्रवचनात येणार नाही, नाव बदलूनसुद्धा नाही, कारण दहा हजारांच्या गावात नाव बदलून काही लपत नाही. महिन्यातून एकदा आम्ही सगळे बसू, कोण कुठं अडकलंय ते एकमेकांना विचारू, आणि ज्याला स्वतःलाच झोप लागेनाशी झाली असेल त्याला सुट्टी देऊ. संत्रातोडणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत बैठका रात्री. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला एकमेकांवर दगड मारण्याची गोटमार असते, त्या दिवशी आमच्यातले प्रथमोपचार शिकलेले सगळे जाम नदीकाठी मलमपट्टीला.

नाव अजून ठेवलेलं नाही, घाई नाही. पाटी, लेटरपॅड, अध्यक्ष, उद्घाटनाला पाहुणा, यांपैकी काही नसेल. ज्यांना यायचं आहे त्यांनी यावं. पहिले तीन महिने जुन्या समुपदेशकाच्या बाजूला फक्त बसायचं. ज्याची बैठक आहे त्याची परवानगी असेल तरच, आणि तोंड उघडायचं नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मंडळीत इतरही कामं पुष्कळ आहेत, आणि नाताळच्या पंगतीला वाढपी दर वर्षी कमीच पडतात.